‘जुनी झाली’ हे निदान नव्हे

पोलादपूरहून आंबेनळी घाट चढताना आमची डिझेल गाडी धापा टाकू लागली. चिरंजीवांचा निकाल तयार: "बाबा, जुनी झाली, विका."

महाड औद्योगिक वसाहतीजवळच्या मेकॅनिकने मात्र आधी धूर पाहिला. काळा! म्हणजे डिझेल पोचतंय, हवा कमी पडतेय. एअर फिल्टर स्वच्छ निघाला. मग टर्बोकडून इंजिनाकडे हवा नेणारा रबरी पाइप चाचपला, तर खालच्या अंगाला चीर. दाबाची हवा तिथून निसटत होती. सपाटीला भागायचं, चढाला जोर लागला की पितळ उघडं! पाइप बदलला आणि गाडी प्रतापगडाच्या फाट्यापर्यंत विनातक्रार चढली.

वर्गातही असंच असतं. ‘ढ’ म्हणण्याआधी कुठे गळतंय ते बघावं. म्हाताऱ्यांच्या बाबतीतही, चिरंजीव!