निदानानंतरची तंबाखू

तोंडाचा कॅन्सर निघालेल्या माणसाच्या खिशातली डबी काढून घेताना घरच्यांचाही हात अडखळतो. 'व्हायचं ते होऊन गेलं, आता कशाला त्याचं तोंड बांधायचं?' हे दयेपोटी म्हटलं जातं आणि वरवर पाहता त्यात तथ्यही दिसतं. तंबाखूतून कॅन्सर होतो तो मुख्यतः नायट्रोसमाईन्ससारख्या द्रव्यांमुळे. निकोटीन व्यसन लावतं, पण एकट्या निकोटीनने कॅन्सर होतो असं सिद्ध झालेलं नाही. तरीही ही दया महागात पडते असं मला वाटतं. केमोथेरपी आणि रेडिएशन पेशीला इतकी इजा करतात की तिने स्वतःच मरणाची वाट धरावी. निकोटीन आडवं येतं ते नेमकं इथे.

तंबाखू मळताना लावलेला चुना नुसता झणझणीतपणासाठी नसतो. त्याच्या क्षारामुळे निकोटीन गालाच्या अस्तरातून झपाट्याने रक्तात उतरतं. ते ज्या रिसेप्टरवर बसतं, ते मज्जापेशींवर तर असतातच, पण फुप्फुसाच्या कॅन्सरपेशींवरही असतात. तिथे ते बसलं की पेशीला जगवणारी प्रथिनं कामाला लागतात. 2006 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी अशा पेशींवर सिस्प्लॅटिन, जेमसिटाबीन यांसारखी औषधं वापरून पाहिली; निकोटीन सोबत असताना पेशी कमी मेल्या. त्याआधी 2001 मध्ये, निकोटीनमुळे उंदरांच्या गाठींत नव्या रक्तवाहिन्यांची वाढ होते, असं दिसलं होतं. म्हणजे गाठीला रसदही मिळते आणि चिलखतही.

यावर रास्त आक्षेप असा, की काचेच्या बशीतली पेशी म्हणजे रुग्ण नव्हे. खरं आहे. माणसांतला पुरावा बघावा तर 1993 मध्ये प्रसिद्ध झालेला कॅनडातला अभ्यास आहे: डोक्या-मानेच्या कॅन्सरसाठी रेडिएशन चालू असतानाही सिगारेट ओढणाऱ्यांपैकी 45 टक्क्यांची गाठ पूर्ण विरघळली, न ओढणाऱ्यांत 74 टक्क्यांची. पण धुरात कार्बन मोनॉक्साइडही असतो, आणि प्राणवायू कमी पडला की रेडिएशनची धार बोथट होते. हा सगळा फरक निकोटीनच्या माथी मारता येणार नाही. आपल्याकडे मात्र प्रश्न मुख्यतः धुराचा नाहीच. 2016-17च्या पाहणीत महाराष्ट्रात ओढणारे प्रौढ शंभरात 4 सुद्धा नव्हते. खाणारे, मशेरी लावणारे 24 होते. त्यांच्या बाबतीत कार्बन मोनॉक्साइडची सबब उरत नाही, निकोटीन उरतं, आणि जोडीला नायट्रोसमाईन्सचा रोजचा रतीब.

मग निकोटीनचं च्युइंगम तरी डॉक्टर का देतात, असं कुणी विचारेल. कारण त्यात नायट्रोसमाईन्सचा तो रतीब नसतो, मात्रा ठरलेली असते आणि ती उतरवत न्यायची असते. शिवाय अशा च्युइंगममुळे माणसात कॅन्सर बळावल्याचा ठोस पुरावा नाही. तंबाखू चालू ठेवण्यापेक्षा ते केव्हाही बरं. पण ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावं, दुकानातून परस्पर आणू नये. केमोची तारीख घेताना दिवसाला किती पुड्या लागतात हे डॉक्टरांना खरंखरं सांगा, लाजू नका. सोडायला मदत हवी असेल तर 1800112356 हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा टोल फ्री क्रमांक आहे.