बाबांच्या सायकलचे पायडल

जुन्या सायकलचे पायडल कुरकुरू लागले की हल्ली कुणी ते खोलत बसत नाही. दुकानदार सांगतो, "फेका आणि नवीन जोडी टाका." आम्हालाही तेच सांगितले. पण सायकल बाबांची, पायडलही त्यांच्याच वेळचे, आणि नातीला ती कॉलेजला न्यायची आहे. तेव्हा गेल्या रविवारी वंदना आटोपल्यावर ओट्यावर जुना पेपर अंथरला आणि पाना हातात घेतला.

बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला होते. ही हर्क्युलस त्यांनी जुनीच घेतली, हप्त्याने. दर दोन महिन्यांनी त्यांचा एक रविवार तिच्यातच जायचा. त्याला ते 'ओव्हरऑइलिंग' म्हणत. आम्ही मोठे होईपर्यंत तोच खरा शब्द समजत होतो. दोन प्रवासांच्या आदल्या रात्री मात्र पायडल खोललीच जायची. एक प्रवास २५ डिसेंबरला देहूरोडच्या विहाराचा. १९२७ साली याच तारखेला महाडला मनुस्मृती जाळली गेली आणि १९५४ साली याच तारखेला बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्ती बसवली, हे बाबा एका दमात सांगत. दुसरा प्रवास आमच्या गावाचा.

गावात आपल्या माणसाने वरच्या आळीतून सायकलवर बसून जायचे नाही, उतरून हाती धरून न्यायची, अशी रीत होती. घटनेने अस्पृश्यता १९५० सालीच संपवली, १९५५ साली शिक्षेचा कायदाही आला; पण ते गावाच्या वेशीत शिरले नव्हते. पहिल्या खेपेला बाबा उतरले. हे त्यांनी आम्हाला फार उशिरा सांगितले, तेही दुसरीकडे बघत. पुढची खेप १९६३ सालच्या उन्हाळ्यातली. नळीवर आम्ही, कॅरिअरवर ताई. वेस आली तसे बाबा एवढेच म्हणाले, "घट्ट धरा." एका ओट्यावरून आवाज आला, "काय रे, उतरायची रीत विसरलास काय?" बाबांनी मान वळवली नाही. वेगही वाढवला नाही. त्याच चालीने पायडल मारीत राहिले. मागून एक दगड येऊन मडगार्डवर वाजला, ताई रडू लागली. बौद्धवाडा येईपर्यंत बाबांचा पाय जमिनीला लागला नाही.

आदल्या रात्री कंदिलाच्या उजेडात ते इतका वेळ काय करीत होते, हे आईने पुढे सांगितले. पायडल मध्येच अडकले किंवा चेन पडली तर नेमके त्या आळीत खाली उतरावे लागेल, ही त्यांना धास्ती होती.

पायडलने आम्हाला मात्र चांगलाच धडा दिला आहे. चौदाव्या वर्षी बाबांच्या माघारी डावे पायडल काढायला गेलो. निघेना, म्हणून पान्याला पाइप लावून जोर केला आणि क्रँकचे आटेच गेले. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे आम्हाला ठाऊक नव्हते. बाबा रागावले नाहीत. पगार होईपर्यंत आठ दिवस कारखान्यात पायी गेले. त्यापेक्षा दोन थपडा बऱ्या होत्या. नंतर त्यांनी शिकवले ते असे: पाना वरच्या बाजूला उभा धरायचा. मागच्या चाकाकडे ओढला की सुटते, पुढच्या चाकाकडे ढकलला की आवळते. डावे असो की उजवे, हिशेब एकच.

या वेळी आदल्या दिवशीच आट्यांवर तेल सोडून ठेवले होते. पायडल हाती आल्यावर बाहेरच्या टोकाची टोपी काढली, मग चेकनट, खाचेतला वायसर आणि शेवटी कोन. हे सारे फडक्यावरच करावे, कारण कोन सुटताच छर्रे सांडतात. जुने ग्रीस काळ्या डांबरासारखे घट्ट झाले होते. रॉकेल हाताशी नव्हते, डिझेलमध्ये सगळे धुतले. कप आणि कोन गुळगुळीत निघाले, खड्डा एकही नाही. छर्रे मात्र निस्तेज झालेले. जुन्यात नवे मिसळू नयेत म्हणून सगळेच बदलले, पाच बत्तिसांश इंची.

कपात ग्रीस भरून त्यात एकेक छर्रा चिमट्याने बसवला. ग्रीस त्यांना धरून ठेवते. जागा उरली म्हणून एक जास्तीचा कोंबायचा मोह होतो, तो टाळावा; छर्ऱ्यांना फिरायला थोडी मोकळीक लागते. खरा वेळ लागतो कोन बसवायला. घट्ट झाला तर पायडल खरखरते, सैल राहिला तर डुगडुगते. शिवाय चेकनट आवळताना कोन पुन्हा थोडा घट्ट होतो, म्हणून तो आधी किंचित सैल ठेवावा लागतो. आम्ही चार वेळा खोलले. नात म्हणाली, "आजोबा, बास आता, छान फिरतंय की!" फिरत होते, पण बोटाला बारीक खरखर लागत होती. पाचव्यांदा जमले.

क्रँकमध्ये लावण्याआधी आट्यांनाही ग्रीसचे बोट फिरवले, म्हणजे पुढच्या वेळी पाइप शोधावा लागणार नाही. मग नातीने सायकल स्टँडवर घेऊन डावे पायडल हाताने फिरवले. आवाज नाही.

उजवे राहिले आहे. ते ती स्वतः खोलणार म्हणते. पाना कुठल्या बाजूला ओढायचा, ते तिने दोनदा विचारून घेतले आहे.