अडलेला गिअर

वडिलांच्या हातून मोटारीची किल्ली काढून घेण्याचें काम आम्हां भावंडांत माझ्याकडे आलें होतें. त्यांना शहात्तरावें वर्ष चालू होतें, गाडी 2006 सालची मारुती 800 होती, आणि दिवाळीपासून त्यांची एकच तक्रार होती : "गिअर जड पडतो." यावरून आम्हीं अनुमान काढलें तें असें कीं, गिअर ठीक आहे, गुडघे थकले आहेत. मधून मी गाडी चालवीं तेव्हां गिअर माझ्याही हातीं अडे. पण त्या वेळीं मी गाडीच्या वयाला दोष देईं, आणि वडिलांच्या हातीं अडला कीं वडिलांच्या! शहरांतील एका गॅरेजनें गाडी थोडीशी चालवून पाहून, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, असा निकाल दिला. खर्चाचा आंकडा ऐकून गाडी विकण्याचें ठरलें. वडील कांहीं बोलले नाहींत. उमरखेडास एक गिऱ्हाईक मिळालें, आणि पौषांतल्या एका सकाळीं गाडी न्यावयास मी ढाणकीस गेलों.

वडील सोबत येतों म्हणाले. गांवाबाहेर पडण्यापूर्वीं समोरून कापसानें भरलेला ट्रॅक्टर आला, म्हणून गाडी मागें घ्यावी लागली. तों रिव्हर्स टाकतांना अशी करकर झाली कीं रस्त्यावरचीं माणसें वळून पाहूं लागलीं. लाजेकाजेस्तव गाडी एका मिस्त्रीच्या दारांत उभी केली. हा गृहस्थ मुख्यतः ट्रॅक्टर दुरुस्त करणारा. त्यानें बॉनेट उघडलें नाहीं. "भाऊ, इंजिन बंद करा, अन् आतां टाका सगळे गिअर," एवढेंच तो म्हणाला. चारही गिअर निमूटपणें बसले.

मला वाटतें, निदानाचें निम्में शास्त्र त्या एका वाक्यांत होतें. इंजिन बंद असतांनाही गिअर अडले, तर दोष दांड्यांत, तेलांत किंवा गिअरबॉक्सच्या पोटांत शोधावा. एकच गिअर अडून करकरला, तर त्याची कडी झिजली असावी. थंडींत अडून गाडी तापल्यावर मोकळे झाले, तर तेल घट्ट. परंतु बंद इंजिनावर सारे सहज बसतात आणि चालू इंजिनावर सारेच अडतात, तेव्हां गिअरबॉक्स बहुधा निर्दोष असतो. क्लच दाबल्यावर त्याची तबकडी इंजिनाच्या फिरत्या चाकापासून पुरती सुटली पाहिजे. ती न सुटल्यास गिअरबॉक्समधला दांडा फिरतच राहतो, आणि फिरत्या चक्रांत दुसरें चक्र घुसवावें लागतें. कॅडिलॅक गाडींत 1928 सालीं प्रथम आलेल्या सिंक्रोमेश या युक्तीनें चक्रांचे वेग आधीं जुळवून घेतां येतात. आमच्या गाडीच्या पुढच्या गिअरांना ती आहे, रिव्हर्सला नाहीं. म्हणून बिचारा रिव्हर्स सर्वांत आधीं ओरडतो.

मिस्त्रीनें तेंही तपासलें. इंजिन सुरू करवून क्लच दाबून धरावयास सांगितलें, मनांत पांच अंक मोजले आणि मग रिव्हर्स टाकविला. करकर तशीच! "क्लच पुरा सुटत नाहीं." केबलची ढील पाहिली, ती बेताची होती. मग तो गुडघे टेकून पेडलखालीं डोकावला आणि म्हणाला, "ही मॅट कधीं टाकली?"

"दिवाळीला," वडील म्हणाले.

ती जाड रबरी मॅट मींच आणली होती. वडिलांना भेट म्हणून. तिची कड मुडपून पेडलखालीं गेली होती, आणि पेडल शेवटचें बोटभर खालीं जातच नव्हतें. मॅट काढतांच रिव्हर्स आवाज न करतां बसला. दिवाळीपासून, असें वडील प्रत्येक वेळीं सांगत होते; आम्हीं तक्रार ऐकली होती, तिथि ऐकली नव्हती.

मिस्त्रीनें पैसे घेतले नाहींत. "काकाजी, आतां तुम्हीच चालवून पाहा," म्हणाला. वडिलांनीं हात पुढें केला. मीं किल्ली दिली. त्यांनीं गाडी घराकडे वळविली. गिऱ्हाइकाला काय सांगावें याचा विचार करीत मी शेजारीं बसलों होतों. मॅट माझ्या मांडीवर होती.