फौंड्रीच्या गावातला मुक्काम

कोल्हापुरातल्या या हॉटेलच्या रजिस्टरात 'येण्याचे कारण' असा रकाना असतो. माझ्या वरच्या ओळींत देवदर्शन, देवदर्शन, लग्न. मी लिहितो, कास्टिंग तपासणी. काउंटरवरचा पोरगा तेवढ्यावर ओळखतो. "शिरोली का गोकुळ शिरगाव?" विचारतो आणि रस्त्याकडची सोडून मागची खोली देतो. रात्रभर जागलेल्याला सकाळी झोपायचं असतं, हे त्याला सांगावं लागत नाही.

*

चोवीस तासांचं चेक-आउट. बड्या हॉटेलांत खोली दुपारी दोनला मिळते आणि दुसऱ्या दिवशी अकरा-बाराला खाली करायची. मग मुंबईहून महालक्ष्मी एक्स्प्रेसनं सकाळी उतरलेल्यानं अंघोळ कुठं करायची? इथं सकाळी आठला घेतलेली खोली दुसऱ्या दिवशी आठपर्यंत आपली. माझ्या लेखी पोहण्याच्या तलावापेक्षा ही मोठी चैन.

*

दाराजवळच्या खाचेत किल्लीचं कार्ड घातल्याशिवाय दिवे लागत नाहीत. बहुतेक ठिकाणी तिथं कुठलंही जाड कार्ड चालतं. माझं जुनं व्हिजिटिंग कार्ड या कामी आलं. आपण जेवायला गेलो तरी फोन चार्ज होत राहतो. ग्राहकांना वाटून त्या कार्डाचा एवढा उपयोग कधी झाला नव्हता.

*

इंडक्शन भट्टी वीज खाते. 2025 पर्यंत रात्री दहा ते सहा विजेच्या दरात सवलत होती, म्हणून इथल्या कितीतरी फौंड्र्यांनी वर्षानुवर्षं मेल्टिंग रात्रीच ठेवलं. साहजिकच आमची तपासणीही रात्रीच. मोल्डिंगच्या वाळूत बेंटोनाइट असतं आणि कोळशाची भुकटी असते. ओतकाम बघून माणूस बाहेर पडतो तेव्हा नाकपुड्या, नखं, कानामागची घडी, सगळं काळं. तोंड धुतलं असं वाटतं, पण टॉवेल खरं सांगतो. एका शहरात अशा टॉवेलचे पैसे माझ्याकडून कापून घेतले होते. इथं बाथरूममध्ये पांढऱ्या टॉवेलांशेजारी एक मरून रंगाचा जाडजूड टॉवेल असतो. सूचना नाही, पाटी नाही. पहिल्या साबणाला पाणी काळं, दुसऱ्याला राखाडी, तिसऱ्याला बरं. मग पांढरा.

रात्री अडीचला आलो तर वॉचमन शटर उचलत म्हणतो, "आलासा? जेवान ठेवलंय बघा वर." स्वयंपाकघर अकरालाच बंद झालेलं असतं. टेबलावर ताटलीखाली दही-भात, बाजूला खर्डा. बिलात त्याचे साठ रुपये लागतात, आणि लागावेत.

*

मेल्ट उशिराची असली की संध्याकाळ मोकळी. तेव्हा गंगावेशीत दूधकट्ट्यावर. म्हैस समोर उभी, धार पेल्यात, फेस ओठांना. सोबतचे पुण्याचे तरुण इंजिनिअर दूध उकळलंय का विचारतात. कोल्हापुरात हा प्रश्न हळू आवाजात विचारावा.

*

नाश्ता भाड्यात धरलेला. बाहेरगावच्या हॉटेलांतला तोच तो कॉर्नफ्लेक्स, टोस्ट आणि गार इडली इथंही मांडलेली असते, पण तिकडं कुणी फिरकत नाही. रांग मिसळीपुढं. कट वेगळा, ब्रेडचे स्लाइस वेगळे. सकाळी दहाला फौंड्रीमालकाशी रिजेक्शनवर भांडायचं असेल तर कट बेतानं घ्यावा.

*

नवरात्रात इथं खोली मागू नये. किरणोत्सवातही नाही: 31 जानेवारीच्या आसपास आणि पुन्हा नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मावळतीची किरणं अंबाबाईपर्यंत पोचतात आणि गाव भरून वाहतं. त्या दिवसांत आम्ही इचलकरंजीत उतरतो. तिथं मागांचा आवाज फुकट.

*

22 सप्टेंबर 2025 पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, पण इनपुट क्रेडिट गेलं. आमच्या अकाउंट्सवाल्याला हे फार लागलंय. जुलै 2022 पूर्वी हजाराच्या आतल्या खोलीला करच नव्हता, असं तो आठवणीनं सांगतो. त्या खोल्यांत गरम पाणीही नव्हतं, हे मी सांगतो.

*

ट्रॅव्हल डेस्कनं परवा हायवेवरचं नवं हॉटेल सुचवलं. जिम आहे, तलाव आहे, चेक-इन दुपारी दोनला. मी विचारलं, रात्री अडीचला दही-भात मिळेल का? विचारून कळवतो म्हणाले.