श्वासाची स्टेपनी

बीडचा माणूस आणि स्कूबा डायव्हिंग? ऑफिसमध्ये हा जोक आता जुना झालाय. 'तुमच्याकडे टँकरने पाणी येतं ना राव?' असं कुणी विचारलं, की मी सरळ सांगतो, उन्हाळ्यात येतं. म्हणूनच तर समुद्राचं एवढं अप्रूप! नारायणगडाच्या, आमच्या धाकट्या पंढरीच्या आसपास वाढलेली पोरं पोहायला शिकतात ती विहिरीत. आणि माझं सेफ्टीचं पहिलं ट्रेनिंगही तिथलंच.

वीकएंडला मालवण-तारकर्लीला जाऊन पाण्याखालचे फोटो काढून आलेले तुमच्यात बरेच असतील. तिथे ट्रेनर तुम्हाला धरूनच असतो, खोलीही बेताची. पण कोर्स करून 18 मीटरपर्यंत उतरायला लागलात, की तुमची हवा तुमची जबाबदारी. हवा संपलीच तर? पुस्तकातलं उत्तर सोपं आहे: बडीकडे जा. प्रत्येकाच्या सिलिंडरला एक जादा माउथपीस असतं, त्याला ऑक्टोपस म्हणतात. पण तुमचा ऑक्टोपस तुमच्याच सिलिंडरला जोडलेला. तो रिकामा झाला, की दोन्ही बंद!

अंदमानात एका डाइव्हला माझा बडी, ओळख बोटीवरच झालेली, कॅमेरा घेऊन कासवामागे गेला. 16 मीटर खाली मी वळून पाहिलं, तर चहूकडे फक्त निळं. नियमाप्रमाणे 1 मिनिट शोधलं आणि सावकाश वर आलो. काही झालं नाही. पण घरी बायकोने एकच प्रश्न विचारला, 'नेमकी तेव्हाच हवा संपली असती तर?' मुलगी तेव्हा 8 महिन्यांची होती. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर आहे पोनी बॉटल. छोटा, वेगळा सिलिंडर. त्याचा रेग्युलेटर वेगळा, प्रेशर गेजही वेगळं. थोडक्यात, श्वासाची स्टेपनी. पण साइज किती? इथे आपला एक्सेलवाला मेंदू कामाला येतो. 18 मीटरवर दाब वरच्यापेक्षा 2.8 पट, म्हणजे प्रत्येक श्वासाला हवाही तेवढ्याच पट लागते. घाबरलेला माणूस वर मिनिटाला 40 लिटर हवा ओढतो असं धरा, तर खाली ती 112 लिटर झाली. सावरायला 1 मिनिट, मिनिटाला 9 मीटर या वेगाने वर यायला 2 मिनिटं, 5 मीटरवर 3 मिनिटांचा थांबा. बेरीज साधारण 445 लिटर. 3 लिटरची बॉटल 200 बारला भरली, की 600 लिटर मिळते. झालं काम! बाटलीएवढे, 85 लिटरवाले छोटे सिलिंडरही मिळतात. दिसायला एकदम कूल, पण या हिशेबात 1 मिनिटही पुरत नाहीत.

तोटे आहेतच. वजन वाढतं. विमानात भरलेला सिलिंडर नेता येत नाही, त्यामुळे तिथे जाऊन भाड्याने घेणं बरं. उतरण्याआधी तो उघडून, दोन श्वास घेऊन तपासायचा. माउथपीस वेगळ्या रंगाचं ठेवायचं, म्हणजे घाईत गोंधळ नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं, 'पोनी आहे, अजून 5 मिनिटं फिरू' हा हिशेब कधीच करायचा नाही. स्टेपनी आहे म्हणून कुणी खिळ्यांवरून गाडी घालत नाही.

विहिरीत उतरवताना तात्या माझ्या कमरेला दोर बांधायचे आणि पाठीला डबाही. दोराचं टोक त्यांच्याच हातात असायचं. मग डबा कशाला, असं मी एकदा विचारलं. 'मला शिंक आली तर?' तात्या म्हणाले. एवढं साधं लॉजिक! दोर धरणाऱ्यावर अविश्वास नाही, पण तोही माणूसच.

परवा ग्रुपमधल्या एकाने तोंड वाकडं करून विचारलं, 'आमच्यावर भरवसा नाही का रे?' आहे ना यार! म्हणून तर म्हणतो, तुझी हवा तुलाच राहू दे.