नदीकाठची भाऊबंदकी

सिडनी ऑलिंपिकच्या उद्घाटनाला, २००० साली, अर्जेंटिनाचं पथक मैदानात आलं ते ‘ला कुम्पार्सिता’च्या ठेक्यावर. टँगो म्हटलं की जगाच्या कानात वाजते ती हीच चाल, त्यामुळे संगीत निवडणाऱ्यांचा हिशेब सरळ होता. उरुग्वेत मात्र भडका उडाला. ही चाल बांधली माँटेव्हिडिओच्या खेरार्दो मातोस रोद्रिगेस नावाच्या कॉलेजकुमाराने, ती पहिल्यांदा वाजली तीही माँटेव्हिडिओच्याच एका कॅफेत, आणि तिच्यावर चालत कोण गेलं, तर पलीकडच्या काठावरचे! सरकारी पातळीवर निषेध नोंदवला गेला. गंमत अशी की त्या कॅफेत ती चाल बसवणारा पियानोवादक रोबेर्तो फिर्पो हा अर्जेंटिनाचा, आणि त्याने तीत पदरची थोडी भरही घातली होती. म्हणजे गाणं कोणाचं? वाटणी करायला बसलात तर सगळी रात्र जाईल आणि शेवटी भांडण तेवढं हाती लागेल.

याला मराठीत नेमका शब्द आहे, भाऊबंदकी. वैर परक्याशी असतं. भाऊबंदकीला आधी घर एक असावं लागतं.

हे घर एका नदीच्या दोन काठांवर उभं आहे. रिओ दे ला प्लाता, म्हणजे चांदीची नदी. चांदी तिच्यात कधीच सापडली नाही. तिचं पाणी गढूळ तांबूस, दुधाळ चहासारखं. ब्यूनस आयर्सच्या धक्क्यावरून पाहिलं तर समोरचा काठ दिसत नाही. समोरचं कोलोनिया पन्नासेक किलोमीटरवर, आणि माँटेव्हिडिओ सुमारे दोनशे. रोज बोटी जातात-येतात. दोन्हीकडे स्पॅनिश बोलतात ती एकाच हेलात, आगीवर मांस भाजतात ते एकाच पद्धतीने, आणि तुंबीत ‘माते’ची हिरवी पानं भरून धातूच्या नळीने तो कडवट काढा ओढतात तोही सारखाच. फरक शोधायचाच तर उरुग्वेचा माणूस गरम पाण्याचा थर्मास काखोटीला मारूनच घराबाहेर पडतो. चालताना, बसमध्ये, सामना बघताना तो थर्मास काखेतून सुटत नाही. दोघांच्या झेंड्यांवर निळे-पांढरे पट्टे आणि चेहरा असलेला सूर्य. उरुग्वेचं अधिकृत नाव तर ‘पूर्वेकडचं प्रजासत्ताक’ असंच आहे. कशाच्या पूर्वेला? उरुग्वे नदीच्या. १८२८ मध्ये अर्जेंटिना आणि ब्राझील या प्रांतावरून लढून थकले, तेव्हा इंग्रजांनी मध्यस्थी करून मधल्या मधे एक स्वतंत्र देश उभा करवला. आज त्याची लोकसंख्या पस्तीस लाखांच्या घरात. समोर साडेचार कोटींहून अधिक. भाऊ आहेत, पण एक पैलवान आणि एक काडीपैलवान.

या काडीपैलवानाने पहिला मार मात्र चांगलाच खाल्ला. २० जुलै १९०२ रोजी माँटेव्हिडिओत दोन्ही देशांच्या संघांत सामना झाला आणि अर्जेंटिनाने सहा-शून्य असा धुव्वा उडवला. त्याच्या आदल्या वर्षीही एक सामना झाला होता, तो मोजायचा की नाही यावर अजून वाद आहे. हेही रीतीला धरूनच. ब्रिटिश बेटांबाहेरची ही राष्ट्रीय संघांची सगळ्यात जुनी झुंज, आणि सव्वाशे वर्षांत जगात सर्वाधिक वेळा खेळली गेलेलीही हीच. खेळ आणला होता इंग्रजांनी, रेल्वे, बँका आणि शाळांबरोबर. चहाचा व्यापारी सर टॉमस लिप्टन याने १९०५ साली या दोघांसाठी एक करंडक दिला तेव्हा अट घातली की संघात फक्त इथल्या मातीत जन्मलेलेच खेळाडू हवेत. इंग्रजाने दिलेल्या कपासाठी इंग्रजांनाच बाहेर बसवणारी ही अट मोठी गोड आहे.

उरुग्वेच्या सदऱ्याचा तो प्रसिद्ध आकाशी रंगसुद्धा या भांडणातूनच आला. १९१० मध्ये माँटेव्हिडिओच्या रिव्हर प्लेट नावाच्या क्लबची गाठ अर्जेंटिनाच्या अजिंक्य समजल्या जाणाऱ्या अलुम्नी क्लबशी पडली. दोघांचे सदरे लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे, म्हणून यजमानांनी त्या दिवशी आकाशी सदरे चढवले आणि अलुम्नीला हरवलं. लगेच राष्ट्रीय संघाने तोच रंग उचलला आणि १५ ऑगस्टला तो घालून अर्जेंटिनालाही तीन-एक असं नमवलं. देशाचा रंग ठरला तो शेजाऱ्याला हरवल्याची आठवण म्हणून!

पुढच्या गोष्टीतही हेच. १९१६ मध्ये अर्जेंटिनाच्या स्वातंत्र्याच्या शताब्दीनिमित्त ब्यूनस आयर्समध्ये दक्षिण अमेरिकेची पहिली अजिंक्यपद स्पर्धा भरली. १६ जुलैच्या निर्णायक सामन्याला मैदानात मावतील त्याहून कितीतरी जास्त लोक आले, सामना थांबला, आणि चिडलेल्या जमावाने लाकडी स्टँड पेटवून दिले. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मैदानावर उरलेला खेळ झाला, शून्य-शून्य. उरुग्वेला बरोबरी पुरेशी होती. शताब्दी यजमानांची आणि हार पाहुण्यांच्या गळ्यात.

उरुग्वे १९२४ साली पॅरिसला ऑलिंपिक जिंकून आला. अर्जेंटिनाचं म्हणणं, ठीक आहे, आता आमच्याशी खेळा. ब्यूनस आयर्समधला सामना सुरू होतो न होतो तोच प्रेक्षक रेषेच्या आत आले. खेळ गुंडाळावा लागला. मग चार दिवसांत मैदानाभोवती तारेचं कुंपण घातलं आणि २ ऑक्टोबरला पुन्हा सगळे जमले. पंधराव्या मिनिटाला अर्जेंटिनाच्या सेसारेओ ओन्सारीने कॉर्नर घेतला. चेंडू वळत वळत आला, कोणाला न शिवता थेट जाळ्यात. कॉर्नरवरून थेट गोल धरायचा, असा नियमबदल त्याच वर्षी झाला होता, म्हणजे काही महिने आधी हा गोल गोलच ठरला नसता. ऑलिंपिक विजेत्यांवर केला म्हणून त्याला ‘ओलिम्पिको’ गोल म्हणू लागले. अर्जेंटिनाने सामना दोन-एक असा घेतला. दगडफेक झाली आणि उरुग्वेचे खेळाडू शेवटची काही मिनिटं शिल्लक असतानाच मैदान सोडून गेले. कॉर्नरच्या गोलाला आजही लॅटिन अमेरिकेत हेच नाव आहे. ऑलिंपिकमध्ये न झालेला गोल ऑलिंपिक म्हणून ओळखला जातो, त्याचं हे कारण. ते कुंपणही पुढे ‘ऑलिंपिक कुंपण’ झालं.

ॲमस्टरडॅमला, १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये, अंतिम सामन्याला हेच दोघे. पहिल्या दिवशी एक-एक, तीन दिवसांनी पुन्हा खेळून उरुग्वे दोन-एक. अर्ध्या जगाचा प्रवास करून दोन शेजारी परक्या गावात भांडून आले.

मग आलं १९३०. पहिली विश्वचषक स्पर्धा, यजमान उरुग्वे, त्यांच्या राज्यघटनेची शंभरी. युरोपातून जेमतेम चार संघ आले. बोटीचा प्रवास लांबचा, कोण जाणार? अंतिम सामन्यात कोण येणार हे मात्र नदीकाठच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. २९ जुलैला ब्यूनस आयर्सच्या धक्क्यावरून बोटीमागून बोटी सुटल्या. हजारो माणसं. नदीवर धुकं इतकं दाटलं की काही बोटी माँटेव्हिडिओला पोचल्या तेव्हा सामना संपून गेला होता. रात्रभर धुक्यात ताटकळून, निकाल ऐकून, त्याच बोटीने परत. त्या परतीच्या प्रवासावर कोणी कादंबरी कशी लिहिली नाही?

पंच म्हणून नेमले होते बेल्जियमचे जॉन लँगेनस. काळा कोट, टाय आणि गुडघ्याखाली बांधलेली विजार असा त्यांचा थाट. त्यांनी आधी एक अट घातली: सामना संपल्यावर तासाभरात निघता येईल अशी बोट बंदरात तयार ठेवा. शहाणा माणूस. मैदानात शिरणाऱ्या प्रत्येकाची झडती घेतली जात होती. अर्जेंटिनाचा लुईस माँटी याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या होत्या.

अशा तापलेल्या वातावरणात दोन्ही संघ मैदानावर आले आणि अडलं कशावर, तर चेंडूवर. दोघांनीही आपापला चेंडू आणला होता आणि दोघांनाही आपलाच हवा होता. गल्लीत पोरं भांडतात तसंच. फक्त इथे साठ हजारांवर माणसं बघत होती. शेवटी तोडगा निघाला तोही गल्लीतलाच. पूर्वार्ध एकाच्या चेंडूने, उत्तरार्ध दुसऱ्याच्या. पूर्वार्ध अर्जेंटिनाच्या चेंडूने झाला आणि मध्यंतराला अर्जेंटिना दोन-एक असा पुढे होता. दुसरा गोल ऑफसाइड होता म्हणून उरुग्वेचा कप्तान नासासी पंचांशी हुज्जत घालून दमला. मध्यंतरानंतर उरुग्वेचा चेंडू आला, थोडा मोठा आणि जड असा सांगतात तो, आणि पाठोपाठ तीन गोल झाले. चार-दोन.

यातला शेवटचा गोल हेक्तोर कास्त्रोचा. तेरा वर्षांचा असताना विजेच्या करवतीत त्याचा उजवा हात कोपराखाली गेला होता. लोक त्याला ‘एल मान्को’, म्हणजे थोटा म्हणत; त्या काळी टोपणनावं अशीच ठेवत. स्पर्धेत उरुग्वेचा पहिला गोल त्याचा आणि शेवटचाही त्याचाच.

दुसऱ्या दिवशी उरुग्वेत सार्वजनिक सुट्टी, आणि ब्यूनस आयर्समध्ये उरुग्वेच्या वाणिज्य वकिलातीवर दगड. दोन्ही फुटबॉल संघटनांचे संबंध तुटले. माँटी इटलीला गेला, तिथला नागरिक झाला आणि १९३४ चा अंतिम सामना इटलीकडून खेळला. दोन देशांकडून दोन अंतिम सामने खेळलेला तो एकटाच.

उरुग्वेच्या या चिवटपणाला तिथे ‘गार्रा चार्रुआ’ म्हणतात, चार्रुआंचा पंजा. चार्रुआ हे त्या भूमीचे मूळ रहिवासी. १८३१ मध्ये सालसिप्युएदेस इथे नव्या राष्ट्राच्या फौजेने त्यांची कत्तल केली. ज्यांना संपवलं त्यांचंच नाव जिद्दीला देऊन खेळायचं, हे स्टँडमध्ये ओरडताना कोणाच्या लक्षात राहत नाही. निदान लिहिताना तरी राहावं.

विश्वचषकात पुढे हे दोघे एकदाच समोरासमोर आले, १९८६ साली मेक्सिकोत पुएब्लाला. पास्कुलीच्या एका गोलावर अर्जेंटिना जिंकला आणि माराडोनाचा रथ पुढे गेला. एकूण विजयांतही अर्जेंटिनाचंच पारडं जड आहे. पण उरुग्वेला घाव कधी घालायचा हे कळतं. जगज्जेते म्हणून अर्जेंटिनाने पुढच्याच वर्षी आपल्या घरी कोपा अमेरिका, म्हणजे १९१६ ची तीच दक्षिण अमेरिकेची स्पर्धा, भरवली. ९ जुलैला, ऐन स्वातंत्र्यदिनी, ब्यूनस आयर्सच्या मोन्युमेंटलवर उपांत्य सामन्यात आल्सामेंदीच्या गोलाने त्यांना बाहेर काढलं. हा आल्सामेंदी आदल्या वर्षी याच मैदानाच्या मालक क्लबसाठी, ब्यूनस आयर्सच्या रिव्हर प्लेटसाठी खेळत होता. २०११ मध्ये पुन्हा यजमान अर्जेंटिना, मेस्सी मैदानात, उरुग्वे अर्ध्याहून अधिक वेळ दहा जणांनिशी. सान्ता फेला पेनल्टी शूटआउटमध्ये गोलरक्षक मुस्लेराने तेवेसचा फटका अडवला. तारीख १६ जुलै. १९५० च्या विश्वचषकाच्या निर्णायक सामन्यात उरुग्वेने ब्राझीलला त्यांच्याच माराकाना मैदानावर हरवून रडवलं ती तारीखही हीच, आणि १९१६ साली स्टँड जळाले तीही. आठ दिवसांनी उरुग्वेने ब्यूनस आयर्समध्ये पंधरावी कोपा उचलली. अर्जेंटिनाला बरोबरी करायला २०२१ आणि सोळाव्यासह पुढे जायला २०२४ उजाडलं.

एवढं सगळं होऊनही देवाणघेवाण थांबलेली नाही, भाऊबंदकीत ती थांबत नसतेच. रिव्हर प्लेटच्या चाहत्यांचं दैवत एन्सो फ्रान्सेस्कोली हा उरुग्वेचा. फ्रान्सच्या झिदानने आपल्या मुलाचं नाव त्याच्यावरून ठेवलं. मेस्सी आणि सुआरेस बार्सिलोनाजवळ शेजारी राहायचे, एकाच तुंबीतून माते प्यायचे. रोसारिओचा मार्सेलो बिएल्सा, जो कधीकाळी अर्जेंटिनाचा प्रशिक्षक होता, २०२३ मध्ये उरुग्वेचा झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्यूनस आयर्सच्या बोम्बोनेरा मैदानावर त्याच्या पोरांनी जगज्जेत्या अर्जेंटिनाला दोन-शून्य हरवलं. मार्च २०२५ मध्ये अर्जेंटिनाने माँटेव्हिडिओत जाऊन एका गोलाने परतफेड केली.

याच सुआरेस-मेस्सीने २०१७ मध्ये, सामन्याआधी, एकाच्या जर्सीवर २० आणि दुसऱ्याच्या जर्सीवर ३० असे आकडे घालून फोटो काढून घेतला होता. शंभर वर्षांनी विश्वचषक दोघांनी मिळून घरी आणायचा, असा बेत होता. तो पुरता जमला नाही. २०३० चा विश्वचषक मोरोक्को, स्पेन आणि पोर्तुगालकडे गेला. पॅराग्वे, अर्जेंटिना आणि उरुग्वेच्या वाट्याला आरंभीचा एकेक सामना आला आहे. पहिला सामना माँटेव्हिडिओच्या सेन्तेनारिओ स्टेडियमवर, १९३० चा अंतिम सामना झाला त्याच मैदानावर, ठरला आहे. चेंडू या वेळी फिफाचा असेल.