दोर आजोबांचे

ऑक्टोबर २०१२ च्या शेवटच्या आठवड्यात न्यू जर्सीतल्या आमच्या मरीनात सँडीखेरीज विषय नव्हता. मोठी चक्रीवादळं इकडे क्वचितच धडकतात, त्यामुळे सल्ले पुष्कळ, अनुभव कमी. शेजारचे म्हातारे गृहस्थ मात्र टगबोटींवर आयुष्य काढलेले. आमच्या मुली त्यांना आजोबाच म्हणत. त्यांनी स्वतःची बोट क्रेनने उचलून यार्डात टेकूंवर ठेवली होती. सुरक्षित मार्ग तोच, असं सगळेच सांगत. मला क्रेनची पाळी मिळाली नाही, तेव्हा आपले सगळे दोर खांद्यावर टाकून ते माझ्याकडे आले. "मला आता नाही लागणार."

शिडं उतरवली. पुढचं गुंडाळलेलंसुद्धा, कारण वाऱ्याला त्याचा एक कोपरा सापडला की अख्खं शीड उलगडून फाटतं. बॅटऱ्या भरल्या, तळातलं पाणी उपसणारा पंप त्यांच्यावरच चालणार होता. पण आजोबांचा खरा जीव दोरांत. प्रत्येक दोर दुहेरी, आणि लांब. पाणी चढेल तशी बोट वर गेली पाहिजे, आखूड दोर तिला खाली धरून ठेवेल. नायलॉन ताणतो म्हणून हिसके सोसतो, पण ताणताना कडेवर घासतोही. तिथे त्यांनी अग्निशमन दलाच्या जुन्या पाइपाचे तुकडे चढवले. मी रात्री बोटीवर थांबतो म्हटलं, तर चक्क ओरडले.

२९ तारखेला, नेमक्या कोजागिरीला, सँडी ब्रिगँटिनजवळ किनाऱ्यावर आलं. पौर्णिमेचं उधाण आणि वाऱ्याने रेटलेला समुद्र एकदमच. सँडी हुकचं भरतीमापक यंत्र पाणी नेहमीपेक्षा आठ फुटांहून जास्त चढल्याची नोंद करून बंद पडलं. घरी वीज गेलेली. मसाला दूध मेणबत्तीच्या उजेडात प्यायलो. चंद्राचा प्रश्नच नव्हता.

पाणी यार्डात शिरलं आणि टेकूंवरच्या बोटी तरंगून एकमेकींवर चढल्या. आजोबांची सगळ्यांत खाली. माझी जागच्या जागी होती. पाइपाचे तुकडे तेवढे सोलून निघालेले. सँडीने ६५,००० हून अधिक हौशी बोटींचं नुकसान केल्याचा अंदाज पुढे वाचला. असे आकडे वाचले की मला यार्डातला तो ढीग आठवतो आणि अजूनही ओशाळायला होतं.

दोर परत द्यायला गेलो, तर म्हणाले, "ठेव. बांधायला काय राहिलंय माझ्याकडे?"

त्यांनी पुन्हा बोट घेतली नाही. उन्हाळ्यात माझ्या बोटीवर येऊन बसत, आणि गप्पा मारता मारता मी मारलेल्या गाठी सोडून आपल्या हाताने पुन्हा बांधत.